वाचकांचे प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये सदिशाचा कोन

या वेळी निवडलेली पाच पत्रे टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतच्या अगदी निरनिराळ्या कामांतून आलेली असली, तरी ती सारी एकाच ठिकाणी अडली आहेत. सदिशाचे, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीचे, आडवा (एक्स) व उभा (वाय) असे दोन घटक माहीत असताना त्याचा कोन कसा काढायचा आणि स्प्रेडशीटने दिलेला कोन नेमका कोणत्या रेषेपासून मोजलेला असतो, हीच सर्वांची अडचण आहे. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. फंक्शनांची नावे व सेलचे पत्ते येथे देवनागरीत छापले आहेत, संगणकावर मात्र ते इंग्रजी अक्षरांत व अंकांत टंकावेत. टॅनच्या किमतीवरून कोन काढणारे एटॅन म्हणजे ए-टी-ए-एन ही चार अक्षरे आणि एटॅन२ म्हणजे त्यांना लागूनच दोनचा आकडा. वर्गमूळ काढणारे फंक्शन एस-क्यू-आर-टी या चार अक्षरांचे आहे, ते येथे एसक्यूआरटी असे दिले आहे.

प्रश्न : मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, विज्ञान शाखेत शिकते. एका बिंदूवर लागलेल्या चार बलांचे घटक मी स्प्रेडशीटमध्ये मांडले. एक्स-घटकांची बेरीज उणे २४ न्यूटन आली आणि वाय-घटकांची उणे १८ न्यूटन. वायला एक्सने भागून एटॅन लावला, तेव्हा ०.६४३५ आले. कॅल्क्युलेटर ३६.८७ दाखवतो आणि अपेक्षित उत्तर २१६.८७ अंश आहे. यांतले बरोबर कोणते?
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या पहिल्या दोन उत्तरांत गणिताचा फरक नाही, केवळ एककाचा आहे. स्प्रेडशीटमधील सर्व त्रिकोणमितीय फंक्शने कोन रेडियनमध्ये घेतात आणि रेडियनमध्येच देतात. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.२९५८ अंश, त्यामुळे ०.६४३५ ला तेवढ्याने गुणले की ३६.८७ मिळतात. हा गुणाकार हाताने करण्याची गरज नाही, बाहेरून डिग्रीज हे फंक्शन लावले की काम होते. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडमध्ये असल्यामुळे त्याने ते आधीच केले होते.

खरा घोटाळा दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात आहे, आणि तो फंक्शन चालवण्यापूर्वीच, भागाकार करताना झालेला आहे. उणे १८ भागिले उणे २४ म्हणजे ०.७५; अधिक १८ भागिले अधिक २४ म्हणजेही ०.७५. भागाकार झाला की दोन्ही उणे चिन्हे नाहीशी होतात आणि आपले बल डावीकडे-खाली जात होते की उजवीकडे-वर, हे सांगणारी कोणतीही खूण त्या ०.७५ मध्ये उरत नाही. एटॅनच्या हाती तेवढी एकच संख्या येते, म्हणून त्याला दोन विरुद्ध दिशांपैकी एक निवडावी लागते, आणि ते नेहमी उणे ९० ते अधिक ९० अंश या पट्ट्यातील निवडते. याचा अर्थ असा की, एक्स-घटक ऋण असलेल्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणातील सगळ्या दिशा एटॅनच्या आवाक्याबाहेर आहेत. दुसऱ्या चरणातील सदिशाला ते चौथ्या चरणातला कोन देईल आणि तिसऱ्यातल्याला पहिल्यातला. आपला सदिश तिसऱ्या चरणात आहे, म्हणून उत्तर बरोबर १८० अंशांनी उलटे आले, ३६.८७ मध्ये १८० मिळवले की २१६.८७ होतात.

वर्गात हे असेच शिकवतात: आधी आकृती काढा, चरण पाहा, एक्स ऋण असेल तर १८० मिळवा. कागदावर एक उदाहरण सोडवताना ती पद्धत उत्तम आहे, कारण आकृती काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्प्रेडशीटमध्ये मात्र शंभर ओळी खाली ओढल्या जातात आणि प्रत्येक ओळीची आकृती कोणी काढत नाही. इफ हे अट तपासणारे फंक्शन लावून चरण पाहता येतो, पण एक्स शून्य असेल तर भागाकारच मोडतो आणि #डिव्ह/०! असा शेरा दिसतो, वास्तविक सरळ वर जाणाऱ्या बलाचा कोन ९० अंश आहे हे लहान मुलालाही दिसते. म्हणजे त्यासाठी आणखी एक इफ हवा, आणि सरळ खाली जाणाऱ्या बलासाठी आणखी एक.

हे सारे टाळण्यासाठी एटॅन२ आहे. त्याला भागाकार द्यायचा नसतो, दोन्ही घटक वेगवेगळे द्यायचे असतात. बी२ मध्ये एक्स-घटक आणि सी२ मध्ये वाय-घटक असेल, तर सूत्र असे लिहावे:

=डिग्रीज(एटॅन२(बी२,सी२))

आपल्या आकड्यांना याचे उत्तर उणे १४३.१३ येईल. येथे पुन्हा दचकण्याचे कारण नाही. एटॅन२ उणे १८० पासून अधिक १८० अंशांपर्यंत उत्तर देते. एक्स-अक्षाच्या वरच्या बाजूचे कोन धन आणि खालच्या बाजूचे ऋण. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १४३.१३ अंश फिरणे आणि उलट दिशेने २१६.८७ अंश फिरणे, दोन्हींनी आपण एकाच रेषेवर पोहोचतो. पुस्तकी पद्धतीप्रमाणे ० ते ३६० मधलेच उत्तर हवे असेल तर मॉड, म्हणजे भागाकारातील बाकी देणारे फंक्शन, लावावे:

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(बी२,सी२)),३६०)

स्प्रेडशीटचे मॉड बाकीचे चिन्ह भाजकासारखे ठेवते, त्यामुळे उणे १४३.१३ ची बाकी २१६.८७ अशी धनच येते. पुढे कधी आपण सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये हेच लिहायला गेलात, तर तेथील बाकीचे चिन्ह भाज्यासारखे असते आणि उणे १४३.१३ तसेच राहते, एवढे ध्यानात असू द्यावे.

उत्तराचा पडताळा घेण्याची सवय मात्र आत्ताच लावून घ्यावी. परिणामी बलाचे परिमाण =एसक्यूआरटी(बी२^२+सी२^२), म्हणजे ३० न्यूटन. आता ३० ला २१६.८७ अंशांच्या कोसाइनने गुणा, उणे २४ आले पाहिजेत. साइनने गुणा, उणे १८ आले पाहिजेत. ३६.८७ घेऊन हाच पडताळा केला तर अधिक २४ आणि अधिक १८ येतात, आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

घटकांच्या क्रमाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण एटॅन२ वापरणारे बहुतेक जण तेथे फसतात. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत आधी एक्स आणि मग वाय असा क्रम आहे. फोरट्रान, सी, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत नेमके उलट, आधी वाय आणि मग एक्स असतो. क्रम उलटला तर संगणक कसलीही तक्रार करत नाही. तो मूळ कोन ९० मधून वजा करून जे येईल ते देतो. आपल्या उदाहरणात उणे १४३.१३ ऐवजी उणे १२६.८७ येईल. तोही तिसऱ्याच चरणातील कोन असल्याने नुसत्या नजरेला चूक दिसणार नाही, आणि हीच या चुकीतली अवघड गोष्ट आहे. म्हणून नवी शीट तयार केली की प्रथम एक्सला १ आणि वायला ० देऊन पाहावे, उत्तर ० आले पाहिजे. मग एक्सला ० आणि वायला १ द्यावे, ९० आले पाहिजेत. दोन्हीकडे १ देऊन केलेली चाचणी कुचकामी आहे, कारण क्रम कोणताही असला तरी ४५ च येतात.

शेवटी एक सूक्ष्म मुद्दा, जो आपल्याला संतुलनाची उदाहरणे करताना लागेल. दोन्ही घटक शून्य असतील तर एक्सेलचे एटॅन२ #डिव्ह/०! दाखवते, आणि ते योग्यच आहे, कारण शून्य सदिशाला दिशा नसते. पुष्कळ जण इफएरर हे चुकीच्या शेऱ्याऐवजी दुसरे काही दाखवणारे फंक्शन लावून तेथे ० आणतात. माझ्या मते ते चुकीचे आहे, कारण शून्य अंश ही एक खरीखुरी दिशा आहे आणि पुढे वाचणाऱ्याला ते बल उजवीकडे जाते असे वाटेल. सेल रिकामा ठेवावा किंवा ‘दिशा नाही’ असे लिहावे. पण याहून फसवी स्थिती अशी की, १२० अंशांच्या अंतराने लावलेली तीन समान बले बेरजेत शून्य व्हायला हवीत, तरी संगणकाच्या दशांश हिशेबात चौदा-पंधरा शून्यांनंतरचा एखादा कण शिल्लक राहू शकतो. एटॅन२ त्या कणांचाही कोन इमानेइतबारे काढते आणि १९७ किंवा ३१२ असा कसलाही आकडा समोर ठेवते. त्यासाठी कोन काढण्यापूर्वी परिमाण पाहावे: डी२ मध्ये परिमाण असेल तर =इफ(डी२<०.०००००१,"",मॉड(डिग्रीज(एटॅन२(बी२,सी२)),३६०)) असे लिहिले की हा प्रश्न मिटतो.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावरील खुणांचे पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अंतरांचे आकडे माझ्याकडे मीटरमध्ये आहेत. एका खुणेपासून दुसरीची दिशा उत्तरेपासून किती अंशांवर आहे हे स्प्रेडशीटमध्ये काढायचे आहे, पण येणारे कोन होकायंत्राशी जुळत नाहीत. हीच रीत दोन गावांच्या अक्षांश-रेखांशांना लावता येईल का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : गणितातला कोन पूर्वेकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट फिरतो आणि मोजणीतला दिशाकोन उत्तरेपासून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतो. आपले आकडे होकायंत्राशी न जुळण्याचे मुख्य कारण हे आहे. उपाय फार सोपा आहे: एटॅन२ ला आधी उत्तरेचा फरक द्यावा आणि नंतर पूर्वेचा. वरच्या उत्तरात क्रम उलटला तर ९० वजा कोन मिळतो असे म्हटले आहे. पूर्वेपासून उलटा मोजलेला कोन ९० मधून वजा केला की उत्तरेपासून सुलटा मोजलेला कोन होतो, म्हणजे तेथे जी चूक होती तीच येथे गरज आहे. ई२ मध्ये उत्तरेचा फरक आणि एफ२ मध्ये पूर्वेचा फरक असेल तर

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(ई२,एफ२)),३६०)

हे सूत्र पूर्णवर्तुळ दिशाकोन देते. फरक काढताना ‘जेथे जायचे तेथील आकडा वजा जेथून निघालो तेथील आकडा’ हा क्रम सगळ्या ओळींत एकसारखा ठेवावा. तो उलटला तर दिशा १८० अंशांनी उलटते.

गावांच्या बाबतीत ही रीत चालते, पण एक दुरुस्ती करावी लागते. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर आणि ७४.५० पूर्व रेखांशावर आहे, पणजी १५.४९ आणि ७३.८३ वर. उत्तरेचा फरक उणे ०.३६ अंश आणि रेखांशाचा फरक उणे ०.६७ अंश. मात्र रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशाएवढा लांब नसतो. विषुववृत्तापासून दूर जावे तसा तो अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात आखडत जातो. दोन्ही गावांचा सरासरी अक्षांश १५.६७ धरला तर त्याचा कोसाइन सुमारे ०.९६३ येतो, म्हणून पूर्वेचा खरा फरक उणे ०.६४५. आता सूत्रातून सुमारे २४१ अंश मिळतात, म्हणजे पश्चिमेकडे झुकलेली नैर्ऋत्य दिशा. कोसाइनची दुरुस्ती गाळली असती तर सुमारे एका अंशाची चूक झाली असती. नकाशावर ती नजरेत भरत नाही, पण शंभर मीटरच्या बांधावर एक अंश म्हणजे पावणेदोन मीटर, आणि पावणेदोन मीटरवरून आपल्याकडे काय काय होऊ शकते ते आपण जाणताच. आपले बांधाचे आकडे मात्र आधीच मीटरमध्ये असल्याने त्यांना ही दुरुस्ती लागत नाही.

याच ठिकाणी साधा एटॅन वापरला असता तर सुमारे ६१ अंश आले असते. बेळगावातून त्या दिशेला निघालेला माणूस पणजीकडे न जाता गोकाक आणि यरगट्टी यांच्या मधल्या अंगाला जाईल. गोकाकची दिशा याच सूत्राने सुमारे ४५ अंश, म्हणजे थेट ईशान्य येते. निपाणीची आधी उणे १२ च्या आसपास येते आणि मॉड लावल्यावर ३४८, म्हणजे उत्तरेपासून किंचित पश्चिमेला. ही सारी सरळ रेषेची दिशा आहे, रस्त्याची नव्हे.

या दुरुस्तीत एक मोठा सापळा दडलेला आहे. कॉस(१५.६७) असे नुसते लिहिले तर स्प्रेडशीट १५.६७ ला रेडियन समजते, आणि १५.६७ रेडियन हा कोन पाय (π) या संख्येच्या पाचपटीच्या अगदी जवळ असल्याने उत्तर जवळजवळ उणे १ येते. आकडा एकच्या जवळ असल्यामुळे तो बरोबर वाटतो, फक्त चिन्ह उलटलेले असते, आणि पूर्व-पश्चिम यांची अदलाबदल होऊन पणजी बेळगावच्या आग्नेयेला जाऊन बसते. आपल्या भागाच्या अक्षांशांवर ही चूक विशेष फसवी आहे, कॉस(रेडियन्स(१५.६७)) असेच लिहावे.

जुन्या मोजणीपत्रकांत ‘दक्षिण ६१ अंश पश्चिम’ अशा पद्धतीचे दिशाकोन आढळतात. ते काढायचे असतील तर एटॅन पुरेसा आहे: पूर्वेच्या फरकाला उत्तरेच्या फरकाने भागून एबीएसने चिन्ह काढून टाकावे, एटॅन लावून अंश करावेत, आणि चिन्हांकडे पाहून दोन्ही बाजूंना दिशांची नावे लिहावीत. चिन्हांचे काम येथे ती नावे करतात. अंश-मिनिटे-सेकंदांत हवे असल्यास अंशांना २४ ने भागून त्या सेलला वेळेचा साचा द्यावा, तासांच्या जागी एच हे अक्षर चौकोनी कंसात घालून: [एच]:एमएम:एसएस. स्प्रेडशीट एका दिवसाला १ मानते, म्हणून तास-मिनिटांची वाटणी अंशांनाही आपोआप लागू पडते, आणि ३६.८६९९ अंशांचे ३६:५२:१२ होतात. चौकोनी कंस गाळला तर चोवीसच्या वरचे तास गळून जातात आणि ३६ चे १२ दिसतात. ऋण कोनांना हा साचा चालत नाही, नुसत्या जाळीच्या खुणा दिसतात, म्हणून आधी मॉड लावून घ्यावे.

इतके करूनही होकायंत्राशी थोडा फरक राहील, कारण सुई चुंबकीय उत्तर दाखवते आणि आपले आकडे बहुधा खऱ्या उत्तरेवर बसवलेले असतात. शिवाय बांधाचा तंटा असेल तर तो सरकारी मोजणीनेच सुटतो. स्प्रेडशीटचा उपयोग आपले आकडे आपल्याला नीट कळावेत एवढ्यापुरता आहे.

प्रश्न : आमच्या मशीन शॉपमध्ये कास्टिंगच्या दोन पृष्ठांमधला कोन तपासावा लागतो. मोजलेल्या बिंदूंवरून दोन सदिश तयार करतो आणि अदिश गुणाकाराला दोन्ही लांबींनी भागून एकॉस, म्हणजे कोसाइनवरून कोन काढणारे फंक्शन, लावतो. बहुतेक वेळा चालते, पण दोन कडा समांतर असल्या की कधी #नम! येते, आणि कोन डावीकडे आहे की उजवीकडे हे तर कळतच नाही.
— एक सुपरवायझर, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ कोसाइनमध्ये आहे. समांतर सदिशांसाठी आपला भागाकार बरोबर १ यायला हवा. तो शेवटच्या दशांशातल्या गोळाबेरजेमुळे १ च्या केसभर पुढे गेला की एकॉस नकार देते, कारण एकाहून मोठा कोसाइन असूच शकत नाही. काही जण मिन लावून तो १ वर अडवतात. त्याने शेरा जातो, पण मूळ दुखणे राहते: कोन लहान असताना कोसाइन जवळजवळ हलतच नाही. अर्ध्या अंशाचा कोसाइन ०.९९९९६ आहे. चार दशांशांपर्यंत पूर्णांकित केलेल्या आकड्यांवर काम केले तर तो १.०००० होतो आणि कोन शून्य निघतो, वास्तविक २०० मिलिमीटरच्या पृष्ठावर अर्धा अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटरचा उतार. असे कास्टिंग तपासणीतून सुटून ग्राहकाकडे गेले तर पुढचे पत्र मला नव्हे, आपल्याला येईल.

दिशा न कळण्याचे कारणही तेच आहे, कारण अधिक ४६ आणि उणे ४६ या दोन्हींचा कोसाइन एकच असतो.

त्याऐवजी दोन संख्या काढाव्यात. पहिला सदिश बी२ व सी२ मध्ये आणि दुसरा डी२ व ई२ मध्ये असेल, तर अदिश गुणाकार =बी२*डी२+सी२*ई२ आणि सदिश गुणाकाराचा घटक =बी२*ई२-सी२*डी२. पहिला एफ२ मध्ये व दुसरा जी२ मध्ये ठेवून =डिग्रीज(एटॅन२(एफ२,जी२)) लिहावे. पहिली संख्या लांबींचा गुणाकार गुणिले कोसाइन आहे, दुसरी तोच गुणाकार गुणिले साइन. दोन्हींत लांबी सारखीच असल्याने ती वेगळी काढून भागण्याची आवश्यकताच उरत नाही. उदाहरणार्थ, (५, २) आणि (२, ५) या सदिशांसाठी अदिश गुणाकार २० आणि दुसरी संख्या २१ येते, कोन ४६.४० अंश. सदिशांची अदलाबदल केली तर २१ चे उणे २१ होतात आणि कोन उणे ४६.४०. धन उत्तर म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे घड्याळाच्या उलट वळण, ऋण म्हणजे सुलट. समांतर कडांना येथे शून्याजवळ साइन काम करतो, आणि साइन तेथे सर्वात जास्त हलणारा असल्याने लहान कोन अचूक मिळतात.

बिंदू तिन्ही अक्षांत मोजलेले असतील तर सदिश गुणाकाराचे तीन घटक काढून त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे आणि ते जी२ च्या जागी ठेवावे. मग कोन ० ते १८० मध्ये येईल. अवकाशात डावे-उजवे हे कोणत्या बाजूने पाहता यावर अवलंबून असल्याने तेथे चिन्हाला स्वतंत्र अर्थ नसतो. एकाच सदिशाचा क्षितिजसमांतर पातळीशी असलेला कोन हवा असेल, तर एटॅन२ ला आधी एक्स-वाय घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ द्यावे आणि नंतर झेड-घटक.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले रोज वाऱ्याची दिशा अंशांत नोंदवतात. दोन दिवसांच्या ३५० आणि २० या नोंदींची सरासरी स्प्रेडशीटने १८५ दिली, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा झाला. सरासरी कशी काढावी?
— एक शिक्षक, निपाणी

उत्तर : पावसाळ्यात आपल्याकडे वारा बराच काळ नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येत असल्याने नोंदी २२० ते २८० च्या दरम्यान घुटमळतात आणि साधी सरासरी सहसा फसत नाही. वारा उत्तरेच्या आसपास फिरू लागला की ३६० आणि ० यांच्या मधली शिवण आडवी येते. उपाय असा की, प्रत्येक नोंद एक लांबीचा सदिश मानावी, त्यांचे उत्तर-घटक व पूर्व-घटक वेगवेगळे मिळवावेत आणि बेरजांना एटॅन२ लावावे. नोंदी बी२ ते बी३१ मध्ये असतील तर उत्तरेची बेरीज =समप्रॉडक्ट(कॉस(रेडियन्स(बी२:बी३१))) आणि पूर्वेची बेरीज कॉसच्या जागी साइन घालून. मग आधी उत्तरेची, नंतर पूर्वेची बेरीज देऊन मॉडसह कोन काढावा. ३५० आणि २० यांची सरासरी ५ येईल. एखाद्या दिवशीची नोंद राहिली असेल तर तो सेल रिकामा असल्याने स्प्रेडशीट तेथे ० अंश, म्हणजे उत्तरेचा वारा धरेल, म्हणून रिकाम्या ओळी श्रेणीतून आधी काढून टाकाव्यात. वाऱ्याचा वेगही नोंदवत असाल तर प्रत्येक घटकाला वेगाने गुणावे, जेणेकरून झुळकेला आणि सोसाट्याच्या वाऱ्याला सारखे वजन मिळणार नाही.

वेगाने न गुणलेल्या दोन्ही बेरजांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्याला नोंदींच्या संख्येने भागले, तर ० ते १ मधला एक आकडा मिळतो. तो १ च्या जवळ असेल तर वारा महिनाभर एकाच अंगाचा होता. शून्याच्या जवळ असेल तर तो चोहीकडून आला आणि अशा महिन्याची सरासरी दिशा फळ्यावर लिहू नये. मुलांना हा आकडा कोनापेक्षाही जास्त शिकवून जाईल. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती बाजू, हेही त्यांना याच वेळी सांगावे; नकाशावर बाण काढताना १८० मिळवावे लागतात.

प्रश्न : कौलारू छपराच्या उतारासाठी मी एटॅनच वापरतो आणि उत्तर गुण्याशी जुळते. एटॅन२ वापरलेच पाहिजे का?
— एक सुतार, खानापूर

उत्तर : नाही. छपराच्या उताराला दिशा नसते, फक्त चढ असतो. उंची आणि आडवे अंतर दोन्ही धन असतात आणि कोन ० ते ९० च्या बाहेर जात नाही, म्हणून एटॅन पूर्ण विश्वासाचे आहे. दोन मीटर आडव्या अंतरात १.२ मीटर चढ असेल तर =डिग्रीज(एटॅन(१.२/२)) चे उत्तर ३०.९६ अंश येईल. कौलांच्या दुकानात किंवा आराखड्यावर उतार टक्क्यांत सांगितला असेल तर टक्क्यांना १०० ने भागून तीच संख्या एटॅनला द्यावी. शंभर टक्के उतार म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंश, आणि ५० टक्के म्हणजे त्याचा निम्मा २२.५ नव्हे, तर २६.५७ अंश. वाशाचे लाकूड कापताना लागणारी तिरकी लांबी =एसक्यूआरटी(१.२^२+२^२), म्हणजे २.३३ मीटर, वळचणीसाठी बाहेर काढायचा भाग त्यात वेगळा धरावा.